राजाला वाचून दाखवलेलं पुस्तक

दिवाळीनंतरचा एक रविवार. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरी रविवार म्हणजे सेव-उसळ, आणि ती आणायचं काम भाचीकडे. माझ्या भावाची ही मुलगी इथं फाईन आर्ट्सला शिकते, आमच्याकडेच राहते. त्या दिवशी पार्सल ओट्यावर ठेवून तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

"आत्या, हे बघ. चारशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे, पेरूमधलं."

काळ्या रेघांचं साधं चित्र. मध्ये एक माणूस गुडघ्यावर बसून हात जोडतोय आणि त्याच्याभोवती सहा प्राणी. साप, वाघ, सिंह, कोल्हा, मांजर, उंदीर. सगळे त्याच्याकडे तोंड करून. प्रत्येक प्राण्याजवळ बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. भाचीनं अर्थ सांगितला. हे गरीब रयतेला खाणारे सहा प्राणी. साप म्हणजे जिल्ह्याचा स्पॅनिश अंमलदार. वाघ म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळांतून फुकट खाणारे, वेठीला धरणारे स्पॅनिश लोक. सिंह म्हणजे ज्याला राजानं गावं तोडून दिली तो जहागीरदार. कोल्हा म्हणजे पाद्री. उंदीर म्हणजे आपल्यातलाच, गावचा मुखिया.

"आणि मांजर?"

"मांजर म्हणजे कारकून. सगळं लिहून ठेवणारा."

मी हसले आणि मग जरा थांबले. आमच्या दिवाणखान्यात पगडी घातलेल्या पणजोबांचा फोटो आहे. सातारकडून बडोद्याला आले, गायकवाडीत महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि इथलेच झाले. हा अंक वाचणाऱ्या निम्म्या घरांत असा एखादा फोटो असेल. कुणाचे पणजोबा फडणिशीत, कुणाचे खासगीत, कुणाचे शाळाखात्यात. आपण बडोद्याचे मराठी झालो ते बहुतेक लेखणीच्या जोरावर.

मी भाचीला म्हटलं, असलं एक पुस्तक आपल्याकडेही आहे, आणि ते लिहिणाऱ्यानं इथं बडोद्यात येऊन राजाला वाचून दाखवलं होतं. तिला हे माहीत नव्हतं. तिला बोलण्यात अर्थ नाही, बडोद्यात जन्मून मलाही ते पन्नाशीत कळलं. म्हणून हा लेख.

आधी त्या चित्रकाराबद्दल. त्याचं नाव फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. पुढचं-मागचं स्पॅनिश, मधलं केचुआ भाषेतलं. ग्वामान म्हणजे ससाणा, पोमा म्हणजे त्या डोंगरांतला प्यूमा. स्पॅनिश लोकांनी इंका राज्य जिंकलं त्या सुमारासच्या धामधुमीत, दक्षिण पेरूमध्ये तो जन्मला. स्पॅनिश शिकला, दुभाष्या झाला, पाद्र्यांबरोबर आणि अंमलदारांबरोबर गावोगाव हिंडला. म्हणजे आधी तोही त्याच यंत्रातला एक खिळा होता. पुढे वडिलोपार्जित जमिनीवरून खटला लढला, हरला आणि १६०० साली त्याला वामांगा गावातून हद्दपार केलं गेलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यानं एका ग्रंथावर घालवली. सुमारे बाराशे पानं, त्यात ३९८ चित्रं, आणि तो ग्रंथ लिहिला स्पेनच्या राजाला, तिसऱ्या फिलिपला उद्देशून. नावाचा मराठीत अर्थ होईल 'पहिली नवी बखर आणि सुशासन'.

बखर हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण ग्रंथाचा पहिला भाग खरंच बखरीसारखा आहे. इंका राजे, राण्या, सेनापती, सण, कायदे. पण मला सगळ्यात आवडली ती शेतीच्या बारा महिन्यांची चित्रं. कोणत्या महिन्यात पायानं दाबायच्या नांगरानं जमीन फोडायची, कधी मका पेरायचा, कधी पाखरं हाकायची, कधी बटाटे काढायचे. लोकांची वयाप्रमाणे मोजणीही त्यानं चित्रांतून दाखवली आहे. पुरुषांचे दहा गट, बायकांचे दहा. धडधाकट तरुणापासून पाळण्यातल्या मुलापर्यंत प्रत्येकाला काहीतरी काम किंवा कुणाच्या तरी जबाबदारीत जागा. हिशेब दोरांच्या गाठींत ठेवायचे, धान्य सरकारी कोठारांत साठवायचं, दुष्काळात बाहेर काढायचं.

मग दुसरा भाग सुरू होतो आणि चित्रं बदलतात. लाथा, फटके, कातलेलं सूत हिसकावून घेणारे पाद्री. इंकांच्या राज्यातही पाळीपाळीनं सरकारी काम करावं लागे, तिला 'मिता' म्हणत. स्पॅनिश लोकांनी नाव तेच ठेवलं आणि माणसं मात्र वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणीत नेऊन घातली. ग्वामान पोमा राजाला सांगतो की ही माणसं कमी होत चालली आहेत, ती मेली तर तुझा खजिना कोण भरणार? एका प्रकरणात तर त्यानं राजाशी संवादच रचला आहे. राजा प्रश्न विचारतो, लेखक उत्तरं देतो. त्या पानावरचं चित्र बघण्यासारखं आहे. सिंहासनावर राजा, समोर गुडघ्यावर हा म्हातारा, हातात पुस्तक.

हे घडलं फक्त कागदावर. १६१५ च्या सुमारास ग्रंथ पुरा झाला, आणि फिलिपनं तो वाचल्याचा काहीही पुरावा नाही. तो कसाबसा डेन्मार्कला पोचला आणि कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पडून राहिला. १९०८ मध्ये रिचर्ड पीचमान या जर्मन ग्रंथपालाच्या नजरेला पडला. छापून बाहेर आला १९३६ मध्ये, पॅरिसला. तीनशे वर्षांहून जास्त काळ ते हात जोडलेले तसेच.

आता आपल्याकडे येऊ.

१८८३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. असूड म्हणजे काय हे आपल्या बडोद्याच्या मुलांना बहुधा सांगावं लागतं. औत हाकणाऱ्याच्या हातातला चाबूक. गुजरातीत भोजा भगतचे 'चाबखा' आहेत ना, तसंच. आणि गंमत म्हणजे भोजा भगतचं फतेपूर अमरेलीजवळ, म्हणजे तेव्हाच्या बडोदा संस्थानातलं.

फुल्यांचं वय तेव्हा छप्पन. शाळा काढून, 'गुलामगिरी' लिहून, सत्यशोधक समाज स्थापन करून झाला होता. पण हे पुस्तक समजायला त्यांची आणखी एक ओळख लागते, ती म्हणजे ते बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या, कात्रजच्या बोगद्याच्या, येरवड्याच्या पुलाच्या कामांशी त्यांचा व्यवसायानं संबंध आला होता. दगड, चुना, मजुरी, बिलं, इंजिनियर खातं हे सगळं त्यांना आतून ठाऊक. पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते. काळही तसाच. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ले करून कर्जाचे कागद जाळले होते. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ. सरकारनं कायदा केला, चौकशी नेमली, अहवाल लिहिले. अहवाल लिहिणारे सगळे वरून बघणारे. फुल्यांनी खालून बघून लिहिलं.

पुस्तकाची पाच प्रकरणं आहेत. पहिल्यात धर्माच्या नावानं होणारा खर्च. मूल पोटात असल्यापासून माणूस मेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत, मध्ये बारसं, लग्न, घरभरणी, ग्रहण, अधिक महिना, यात्रा. प्रत्येक वळणावर भटजी कसा उभा आणि शेतकऱ्याच्या पदराची गाठ कशी सुटते, याची ती लांबलचक यादीच आहे. वाचताना दम लागतो. दुसऱ्यात सरकारी कचेरी. गोरे अंमलदार आरामात, कारभार त्यांच्या हाताखालच्या भट कामगारांच्या हाती, आणि शेतकऱ्याला वाचता येत नाही. गावच्या कुलकर्ण्यापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत जो तो कागदावर काय लिहितो ते त्याला कळत नाही. तिसऱ्यात इतिहास आणि इंग्रजांचे कर. चौथ्यात शेतकऱ्याचं प्रत्यक्ष जिणं. पाचव्यात उपाय.

म्हणजे भाचीच्या फोनवरचं मांजर इथं दुसरं प्रकरण भरून बसलेलं आहे.

ही तुलना मी ओढूनताणून करते आहे असं वाटत असेल तर एक सांगते. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'ला फुल्यांनी इंग्रजीत प्रस्तावना जोडली आहे. तीत त्यांनी स्वतःच अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांवर युरोपियनांनी केलेल्या जुलमांचं नाव घेतलं आहे आणि आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं तसंच झालं असं म्हटलं आहे. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुण्याच्या गंज पेठेत बसून हा माणूस जगाच्या नकाशावर आपलं गाव शोधत होता. ग्वामान पोमाचं पुस्तक तेव्हा कोपनहेगनच्या कपाटात होतं, त्याची खबर कुणालाच नव्हती. एकमेकांचं नाव न ऐकलेली दोन माणसं, पण त्यांना खाणारे प्राणी बरेचसे सारखे.

आता बडोदा. 'असूड'च्या प्रस्तावनेत फुले सांगतात की हे पुस्तक त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवलं. त्यात पुणे, मुंबई आहे. जुन्नर, ओतूर, हडपसर आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या शेतकऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून लेखकानं स्वतः वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. आणि त्याच प्रस्तावनेत पुढे श्रीमंत सयाजीराव गायकवाडांचा उल्लेख येतो. महाराजांनी राज्यकारभारातून सवड काढली, पुस्तक फुल्यांकडून वाचवून घेतलं, लक्षपूर्वक ऐकलं आणि पैशाची मदत देऊन त्यांचा सत्कार केला, असं ते कृतज्ञतेनं नोंदवतात.

हा प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा तर आपल्या मनातले सयाजीराव बाजूला ठेवावे लागतात. चौकातल्या पुतळ्यातले भारदस्त महाराज ते हे नव्हेत. १८८३ मध्ये ते वीस वर्षांचे होते. पूर्ण अधिकार हातात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ते मिळाले २८ डिसेंबर १८८१ ला. लक्ष्मीविलास पॅलेस अजून बांधून व्हायचा होता. आणि त्याआधी आठ वर्षं हा मुलगा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावात गोपाळ नावानं वाढत होता. गायकवाडांच्या लांबच्या शाखेतलं शेतकरी घर. बाराव्या वर्षी जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतलं तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढच्या सहा वर्षांत टी. माधवराव दिवाणांच्या देखरेखीखाली आणि इलियट साहेबाच्या हाताखाली त्यानं सगळं शिकून घेतलं.

तेव्हा फुल्यांनी वाचून दाखवलं ते कुणाला? निरक्षर शेतकऱ्याच्या घराचं वर्णन ज्या माणसासमोर चाललं होतं, त्यानं तसली घरं आतून पाहिलेली होती. शेण, गोठा, चूल, अंथरायला घोंगडी. फिलिपला यातलं काही कळलं असतं का, मला शंका आहे.

आणि वाचणाऱ्याचंही धाडस बघा. त्याच दरबारात, त्याच कचेऱ्यांत मराठी कारकून, फडणीस, शास्त्रीपुराणिक भरलेले होते. त्या छताखाली बसून कुलकर्णी आणि कारकुनांवरचं दुसरं प्रकरण वाचायचं. आमचे पणजोबा तेव्हा जन्मलेले नव्हते, पण त्यांच्यासारखे कितीतरी बाहेर मोडीत दप्तरं लिहीत असतील.

पुढे काय झालं, याबद्दल माझं मत जरा सावध आहे. एका पुस्तकामुळे सयाजीराव सुधारक झाले असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं मानू नये. त्यांच्यावर अनेकांचे संस्कार होते आणि डोकं स्वतःचं होतं. पण तारखा ओळीनं मांडून बघायला हरकत नाही. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्ती. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे खालच्या वर्गांच्या प्राथमिक शिक्षणाबद्दलच मागणी केली होती. फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींपैकी काही जण पुढे बडोद्याशी जोडले गेले. दामोदर सावळाराम यंदे यांनी इथून 'बडोदा वत्सल' चालवलं, रामचंद्र विठोबा धामणस्कर तर संस्थानचे दिवाण झाले. फुले आजारी आणि पैशानं खचलेले असताना १८९० मध्ये मामा परमानंदांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं ते सयाजीरावांनाच. आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा तरुण अमेरिकेला शिकायला गेला तो बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तो परत येऊन १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला लागला तेव्हा या शहरात त्याला राहायला जागा मिळाली नाही, हेही त्याच ओळीत लिहायला हवं. राजानं ऐकलं होतं. शहरानं ऐकलं होतं असं म्हणवत नाही.

पुस्तकाकडे परत जाते, कारण चौथं आणि पाचवं प्रकरण लोक वाचत नाहीत. 'असूड' म्हटलं की बहुतेकांना आठवते ती सुरुवातीची विद्येबद्दलची प्रसिद्ध ओळ. ती भाषणात म्हणून झाली की पुस्तक मिटतं. चौथ्या प्रकरणात एक कुणबी कलेक्टरच्या तंबूकडून येतो. सारा कमी करून घ्यायला गेला होता, काम झालेलं नाही. अंगावर धड कपडा नाही. स्वतःशीच पुटपुटत, हिशेब करत तो विचारात पडतो. बापाच्या वेळी काय होतं, आता काय आहे, सावकार काय म्हणेल, घरी काय सांगू. मराठी गद्यात इतक्या जवळून शेतकऱ्याचं मन त्याआधी कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. ग्वामान पोमा जे रेघांनी करतो ते फुले इथं बोलीनं करतात.

पाचव्यात कंत्राटदार बोलायला लागतो. लष्करातले आणि पोलिसातले मोकळे शिपाई लावून डोंगरउतारावर ताली-बंधारे बांधा, म्हणजे पाऊस वाहून न जाता जमिनीत मुरेल आणि विहिरींना पाणी राहील. तळी-तलाव दुरुस्त करा. पाण्याचे झरे ओळखणाऱ्यांना हाताशी धरून विहिरी खणा. कालव्याचं पाणी शेतात मोजून मिळावं म्हणून तोट्या बसवा, कारण पट्टी घेतात पण पाण्याची जबाबदारी घेत नाहीत. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला हत्यार वापरू द्या. बाहेरून चांगली जनावरं आणून मेंढरांची पैदास सुधारा. शेतीची प्रदर्शनं भरवा, बक्षिसं द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकी शिकवा. जंगल खात्यानं गुरांचं कुरण तोडलं त्याबद्दल तर ते फार कडू लिहितात. आज 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणून जे भिंतींवर रंगवतात ते १८८३ च्या या प्रकरणात आहे. राग आणि उपाय एकाच दमात, हे मला फार विशेष वाटतं. आपल्याकडे रागावणारे बहुतेक उपायापर्यंत पोचत नाहीत आणि उपाय सांगणाऱ्यांना राग आलेला नसतो.

दोघांच्या पुस्तकांत मला पटत नाही असाही भाग आहे, तो लपवत नाही. ग्वामान पोमा आपल्या पूर्वजांना इंकांहून जुने आणि थोर ठरवतो, त्यांना स्पॅनिश येण्याआधीच खरा देव ठाऊक होता म्हणतो. फुल्यांचं तिसरं प्रकरण, इराणकडून आलेल्या आर्य भटांनी इथल्या मूळच्या शेतकऱ्यांना जिंकून दास केलं ही मांडणी, आजचे अभ्यासक जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. पण ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनीच लिहिला त्यांनी आपला इतिहास कुठून आणायचा? मिळेल त्या तुकड्यांतून त्यांनी तो उभा केला. तो भाग पुराव्याच्या कसावर उणा पडतो म्हणून शेतकऱ्याच्या अंगणाचं वर्णन खोटं ठरत नाही.

आणि छापण्याचं दुःख दोघांनाही. 'असूड'ची पहिली प्रकरणं 'दीनबंधू'त आली. 'दीनबंधू' म्हणजे फुल्यांच्याच चळवळीचं पत्र, नारायण मेघाजी लोखंडे संपादक. पुढचं छापायला त्यांनी नकार दिला. सरकारवरची टीका फार जहाल होती. फुले चिडले, आणि तो राग त्यांनी लिहून ठेवला. त्या पत्रामागे सरकारी रोषाची भीती होती, एक छापखाना आणि काही माणसांची पोटं होती. लोखंड्यांना मी एकदम भित्रा म्हणणार नाही. पण पुस्तक अडलं ते अडलंच. १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं तेव्हापासून ते आपल्यासारख्यांच्या हाताशी आलं.

राजापर्यंत पोचायचा प्रयत्न फुल्यांनी पुन्हा एकदा केला. २ मार्च १८८८ ला पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी इंग्लंडच्या राणीच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉटला, मेजवानी दिली. जरीचे पोशाख, दागिने, आणि त्यात फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेशात. खरा देश असा दिसतो, तुमच्या आईसाहेबांना तेवढं सांगा, आमच्या मुलांना शिकवा, असा त्यांचा निरोप होता. ग्वामान पोमानंही स्वतःचं असं एक चित्र काढलंय. म्हातारा, काठी टेकत, मुलगा, घोडा आणि कुत्री बरोबर घेऊन डोंगरातून लिमाकडे निघालाय, पुस्तक राजाकडे पाठवायला.

हे सगळं मी भाचीला सांगितलं तेव्हा तिनं सरळ विचारलं, "म्हणजे आपण मांजर होतो का, आत्या?"

शेजारी बाबा पेपर वाचत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "त्या पुस्तकात आपल्याला शिव्या आहेत. कशाला वाचायचं?" मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले की त्यांच्या आजोबांकडे संक्रांतीला, दिवाळीला गावांतून गूळ, तांदूळ, तुपाचे डबे यायचे. घरात सगळे म्हणायचे, लोक प्रेमानं आणतात. "आम्ही पोरं खायचो. कोण विचारतंय का आणलं म्हणून?" त्या डब्यांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, नेहमी कौतुकानं. त्या रविवारी ती तशी ऐकू आली नाही.

पणजोबा वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यांनी आपल्या पगारातून भावाची मुलं शिकवली, हेही घरात सांगतात आणि ते खरं आहे. पण तुपाच्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, त्याच्या घरी त्या दिवशी तूप होतं का, हे आमच्या घरातल्या कुठल्याच गोष्टीत नाही. ते 'असूड'मध्ये आहे.

आता आमच्याकडे रविवारी संध्याकाळी वाचन चालतं. भाची वाचते. ती इंग्रजी माध्यमातली, त्यात फुल्यांची वाक्यं चांगली अर्ध्या-अर्ध्या पानाची, क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. पहिल्या प्रकरणाशी ती दोनदा थांबली, म्हणून मी तिला चौथ्यावर नेलं. तरुण वाचकांनाही माझा तोच सल्ला आहे. चौथं, मग पाचवं, मग मागं या. पुस्तक लहान आहे, नेटवर मिळतं, आणि मोठ्यानं वाचलं की जास्त कळतं. ते तसंच ऐकवण्यासाठी लिहिलेलं आहे.

बाबा पेपर तोंडासमोर धरून बसतात. परवा भाची एका शब्दाशी अडली, मलाही तो येईना. पेपरमागून आवाज आला, "पाणाड्या. जमिनीत पाणी कुठंय ते सांगणारा." पेपर तसाच होता, पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

"पुढे वाच," ते म्हणाले.